पैलतीरावरचा कॅनडा

आर्लीन हॉलग्रेन जन्माने, पासपोर्टाने आणि दर हिवाळ्यात बधिर होणाऱ्या नाकाच्या शेंड्यासकट अस्सल कॅनेडियन होती, पण पोटासाठी तिने पंचवीस वर्षं अमेरिकाच लिहिली. टेक्सासचे शेरीफ, न्यूयॉर्कच्या वकीलबाई, व्हर्मॉंटच्या खेड्यात ऐन नाताळात प्रेमात पडणाऱ्या बेकरीवाल्या, हे सगळे तिच्या ऑंटारियोतल्या स्वयंपाकघरात जन्माला आले. त्यांचं चित्रीकरणही ऑंटारियोतच व्हायचं. कॅनडाचे सिनेमावाले एका कलेत जगात कुणाला हार जाणार नाहीत, ती म्हणजे कॅनडा लपवण्याची कला. टपालाची लाल पेटी निळी रंगवायची, गाड्यांच्या नंबरपाट्या बदलायच्या, दुकानावरचं मेपलचं पान झाकून टाकायचं आणि काम संपलं की सगळं होतं तसं करून शेजाऱ्यापाजाऱ्यांना ‘सॉरी’ म्हणायचं.

मग ऑटावातल्या सरकारला जाग आली. घरोघरी इंटरनेटवरून सिनेमे दाखवणाऱ्या परदेशी कंपन्या आपल्या लोकांचे पैसे घेतात आणि आपल्या गोष्टी काही दाखवत नाहीत, असा साक्षात्कार तिथे झाला. कायदा आला. इथे धंदा करायचा तर ठरलेला वाटा स्थानिक सिनेमांचा हवा. आता ‘स्थानिक’ म्हणजे काय, यावर समित्या बसल्या, जेवल्या आणि उठल्या. आर्लीनच्या वाट्याला जी कंपनी आली, तिथे जुनी गुणांची पद्धतच चालत होती. दिग्दर्शक कॅनडाचा तर दोन गुण, लेखक कॅनडाचा तर दोन, नटाचा एक, संगीताचा एक, असे दहापैकी सहा जमले की सिनेमा कॅनेडियन. गोष्ट कॅनडात घडते की नाही, याला मात्र गुणच नव्हते. एवढ्या कामात तेवढं राहून गेलं असावं.

आर्लीनला या भानगडीशी काही देणंघेणं नव्हतं. तिला हर्ष झाला तो वेगळ्याच कारणाने. तिच्याकडे एक गोष्ट होती, तिच्या बाबांची, आणि ती घ्यायला आजवर कुणी तयार नव्हतं.

तिचे बाबा, लॉयड हॉलग्रेन, मूळचे मार्लोचे. मार्लो अमेरिकेत, मिनेसोटात; आणि आर्लीनचं फोर्ट केटल समोर, कॅनडात. मधे फक्त नदी, तीही अशी की पलीकडच्या अंगणात काय वाळत घातलंय ते इथून ओळखू यावं. एकोणिसाव्या वर्षी लॉयडला व्हिएतनामच्या लढाईचं बोलावणं आलं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी तो घरातून निघाला आणि गोठलेली नदी पायी ओलांडून फोर्ट केटलला आला. त्याचा बाप महायुद्धात लढलेला. त्याने बायकोला बजावलं की तू पुलावर पाऊल ठेवलंस तर या घरात परत यायचं नाही. मग आई दर रविवारी अंगणातल्या तारेवर लाल चादर वाळत घालू लागली. म्हणजे मी बरी आहे. लॉयड या काठावर येऊन उभा राहायचा. सहा वर्षं हे चाललं. एका रविवारी तारेवर काहीच नव्हतं.

पुढे पळून आलेल्या सगळ्या पोरांना अमेरिकेने माफी दिली. बाबांचे दोस्त पूल ओलांडून तिकडे स्वस्त चीज आणायला जाऊ लागले. बाबा गेले नाहीत. “आई होती तेव्हा जाऊ दिलं नाहीत, आता त्या देशात माझा पाय पडणार नाही,” अशी शपथ त्यांनी घेतली आणि ती पाळली. तक्रार त्यांची एकच होती, तीही स्वतःविरुद्ध. “निघालो तेव्हा मागं वळून बघितलं नाही,” ते म्हणायचे. “बघितलं असतं तर पाय निघाला नसता. पण बघायला हवं होतं.”

आता बाबा सत्त्याहत्तरीला आले होते आणि हृदयाच्या डॉक्टरने आर्लीनला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. बाबांचं मागणं साधं होतं. ही गोष्ट एकदा पडद्यावर, जशी घडली तशी बघू दे. आर्लीनने शब्द दिला होता.

कंपनीच्या टोरोंटोतल्या ‘अस्सल कॅनेडियन कथा’ विभागाची प्रमुख टॅम्सिन लेडयार्ड स्वतः फोर्ट केटलला आली. आर्लीनपेक्षा वीस वर्षांनी लहान, पण डोनटच्या दुकानात शिरल्या शिरल्या ती अगं-तुगंवर आली. तिने आर्लीनला मिठी मारली आणि मिठी मारल्याबद्दल सॉरी म्हणाली.

“अगं, मी विमानात रडले. लाल चादरीपाशी तर शेजारच्या माणसानं मला पाणी दिलं.”

“म्हणजे आवडली,” आर्लीन म्हणाली.

“आवडली काय, सहा गुण बसतात तिच्यात. तुझे दोन, आपल्या माँट्रियालच्या रेनाल्डचे दिग्दर्शनाचे दोन, नट आपला, संगीत आपलं. बरोब्बर सहा. काठावर, पण पास.”

“मग अडलंय कुठं?”

टॅम्सिनने कॉफी उगाचच ढवळली. “सॉरी हं, पण कॅलिफोर्नियातल्या मालक मंडळींचं म्हणणं असं, की गुण तर आता मिळालेच. मग गोष्टसुद्धा कॅनडात कशाला?”

“मग कुठं?”

“मिनेसोटात. अमेरिकेतल्या प्रेक्षकाला जरा जवळचं वाटतं गं. चित्रीकरण इथंच करू, फक्त फोर्ट केटलला मार्लो म्हणायचं. तुला काय, पुलापलीकडे तर आहे.”

“अहो टॅम्सिनबाई, माझे बाबा अमेरिकेतून पळाले. तुम्ही आमचं गावच अमेरिकेत नेलंत, तर ते अमेरिकेतून पळून अमेरिकेत येणार का?”

“छे गं. ते कॅनडातून पळून येणार.”

“कॅनडातून. कशाला?”

“ते तुला सुचायचं. लेखिका तू.”

“कॅनडात तेव्हा सक्तीची भरती नव्हती.”

“मग दुसऱ्या कशाची सक्ती असेल. इन्कम टॅक्स? थंडी?” टॅम्सिन विचारात पडली आणि तिचा चेहरा उजळला. “मेपलच्या झाडाच्या रसाचा पाक. वडिलांचा पाकाचा धंदा आहे आणि मुलाला त्यात जबरदस्तीनं ओढताहेत. त्याला तर गिटार वाजवायचीय.”

“या भागात पाकाच्या मेपलची झाडंच नाहीत.”

“प्रेक्षकाला कुठं माहितीये? आणि मेपल आला की कॅनडा लगेच कळतो.”

आर्लीन शेरीफ लिहून लिहून निबर झाली होती, तरी हे तिलाही नवीन होतं. ती उठून जाऊ शकत होती. पण उठून गेली की पुढची कंपनी कधी येणार, आणि तोवर बाबांचं हृदय थांबणार का, हा हिशेब तिच्या डोक्यात चालूच होता. निदान नदी राहील, बर्फ राहील, चादर राहील, अशी तिने मनाची समजूत घातली आणि होकार दिला. टॅम्सिनने तिला पुन्हा मिठी मारली आणि पुन्हा माफी मागितली.

दुपारी घरी येऊन तिने बाबांना सांगितलं. ते पिरोग्या, म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्या, खात होते, आर्लीनच्या गेलेल्या आईच्या पद्धतीच्या, कांदा करपेपर्यंत परतलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे मी मेपलच्या पाकाला घाबरून पळालो.”

“हो.”

“फार पाक होता का?”

“बाबा, चेष्टा करू नका. मी नाही म्हणून सांगते त्यांना.”

“नको. तुझं नाव पडद्यावर येतंय ना, येऊ दे,” बाबा म्हणाले आणि पिरोगी तशीच ठेवून खिडकीशी जाऊन बसले. त्यांनी ओरडावं, काही आपटावं, असं आर्लीनला फार वाटलं. तिला स्वतःची शरम वाटली.

फेब्रुवारीत सिनेमाचा तांडा आला आणि फोर्ट केटलची अमेरिका झाली. गावाला सवय होती. टपालाची पेटी निळी झाली, शाळेसमोर गरुडाचा पुतळा आला, डोनटच्या दुकानाला दुसऱ्याच नावाची पाटी लागली. हॉलग्रेनांचं घर काठावर, कॅमेऱ्याच्या टप्प्यात. बाबा सकाळी उठून बाहेर आले तर त्यांच्याच ओसरीवर अमेरिकेच्या झेंड्याचे तारे आणि पट्टे फडकत होते.

“अठ्ठावन्न वर्षं मी अमेरिकेत गेलो नाही,” ते म्हणाले, “म्हणून तीच आली वाटतं.”

झेंडा लावणाऱ्या माणसाने सॉरी म्हटलं. बाबांनी त्याला कॉफी दिली.

एवढ्यावर भागलं असतं, पण पहिल्याच दिवशी गाडं अडलं. दिग्दर्शक रेनाल्ड थिव्हिएर्ज याने कॅमेरा नदीकडे लावला आणि त्याच्या ध्यानात आलं की पलीकडे अमेरिका दिसते आहे, आणि तीही अगदी उघडउघड, पोस्टाच्या इमारतीवर एवढा मोठा झेंडा लावून. आपण जर अमेरिका, तर समोर कॅनडा हवा. खरा कॅनडा तर आपल्या पायाखाली होता, पण तो कामात होता.

टॅम्सिनने पळापळ करून परवानग्या मिळवल्या. मार्लोच्या नगरपालिकेने दोन दिवस कॅनडा व्हायला हरकत घेतली नाही. उलट काही रहिवाशांनी हे कायमचं करता येईल का, अशी चौकशी केली. पोस्टाचा झेंडा झाकला, पेट्या लाल रंगवल्या, आणि मार्लोच्या सबंध काठावर मेपलच्या पानांचे झेंडे उभे राहिले. कॅनडाच्या राजधानीतही एका ठिकाणी एवढा कॅनडा सापडला नसता. कायद्याने मागितलेला स्थानिकपणा अखेर असा पुरेपूर भरून निघाला, फक्त तो परदेशात होता.

पळून येण्याचं दृश्य त्यातल्या दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. थंडी अशी की पापण्या चिकटत होत्या. नदीच्या मधोमध, जिथे दोन देशांची हद्द मानतात, तिथे मार्लोचा एक सीमारक्षक आपल्या बर्फावरच्या गाडीवर कॉफी पीत बसला होता, चित्रीकरणात कुणी खरोखरच इकडचं तिकडे होऊ नये म्हणून. व्हँकूवरचा एक देखणा नट पलीकडे पाठीला गिटार बांधून तयार होता. बाबांना टॅम्सिनने मानाने शेगडीशेजारी खुर्ची दिली. त्यांनी आपली जुनी लोकरी टोपी घातली होती.

हॉलग्रेनांचं मार्लोतलं घर कधीच पाडलं गेलं होतं, पण अंगणातले कपड्यांच्या तारेचे दोन लोखंडी खांब तसेच होते. सजावटवाल्यांनी त्यांच्यावर नवी तार ओढली आणि रेनाल्डने हात केल्यावर तिच्यावर लाल चादर टाकली.

बाबा उठून उभे राहिले.

आर्लीन त्यांच्याजवळ गेली. त्यांना भोवळ आली असं तिला वाटलं होतं.

“चादर एकेरी घातलीय त्यांनी,” बाबा म्हणाले.

“राहू दे, बाबा.”

“आई दुहेरी घालायची. एकेरी घातली की वाऱ्यानं उडते नि बर्फात जाऊन पडते.”

“मी सांगते त्यांना. तुम्ही बसा.”

“त्यांना नाही जमायचं,” असं म्हणून बाबा काठ उतरले आणि बर्फावर चालायला लागले. टेकायला काठी होती, पण ते भरभर चालत होते. आर्लीन त्यांच्या मागे धावली.

“बाबा, अहो, तिकडं अमेरिका आहे. तुमची शपथ आहे ना?”

बाबा थांबले. त्यांनी समोरचा काठ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. मेपलची पानं वाऱ्यावर फडफडत होती.

“मला तर कॅनडा दिसतोय,” ते म्हणाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. “तू इथंच थांब. मी येतो.”

ती थांबली. मधोमध सीमारक्षकाने त्यांना अडवलं. थंड हवेत आवाज लांबवर येतो, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

“आजोबा, कुठं निघालात?”

“कॅनडाला.”

सीमारक्षकाने मागे वळून आपल्या जन्मगावाकडे पाहिलं. मग पुढे फोर्ट केटलकडे पाहिलं. वरिष्ठांना विचारावं तर काय विचारावं, असा तो पेच होता. त्याने कॉफीचा घोट घेतला आणि गाडी बाजूला केली.

आर्लीन काठावर परतली तेव्हा टॅम्सिन तिथे येरझारा घालत होती. “कोण चाललंय ते? चित्रात येताहेत की सरळ. रेनाल्ड, थांबव ना.”

रेनाल्ड कॅमेऱ्यामागून हलला नाही. “चालू आहे,” एवढंच तो म्हणाला.

“ते तुझे बाबा ना गं? बरं, स्थानिक तरी आहेत ना ते? नाही म्हणजे, सिनेमात घेतलंच तर गुणांचं बघायला हवं.”

आवाज न चढवता आर्लीन म्हणाली, “टॅम्सिनबाई, माझे दोन गुण परत द्या.”

“सॉरी?”

“लेखकाचे दोन गुण. माझं नाव काढून टाका. ही पाकाची गोष्ट माझी नाही. ती लिहायला कॅलिफोर्नियात माणसं मिळतील तुम्हाला.”

आपलं नाव काढून घेण्याचा हक्क लेखकाला करारात दिलेला असतो. तो कुणी वापरत नाही, कारण नाव गेल्यावर लेखकाजवळ उरतं काय. टॅम्सिनला ते कलम आठवलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती मनातल्या मनात आकडेमोड करू लागली.

“चार,” रेनाल्डने कॅमेऱ्यातून डोळा न काढता मदत केली. “तिनं नाव काढलं तर माझंही काढ. मग दोन.”

“असं नका ना करू. अर्धे पैसे खर्च झालेत. चार गुणांचा सिनेमा मी दाखवू कुणाला?”

“सहाचाच राहू दे की,” आर्लीन म्हणाली. “फक्त झेंडे उतरवा. इकडचे आणि तिकडचेसुद्धा. गाव आपल्या देशात परत आणा. आणि पाक काढा.”

टॅम्सिनने फोन लावला. पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत राहिलं. तिने ऐकलं, “सॉरी” म्हणाली, मग आणखी एकदा “सॉरी, पण नाही” म्हणाली आणि फोन खिशात टाकला. असं ती आयुष्यात पहिल्यांदाच वागली असावी. तिने सजावटवाल्यांना वायरलेसवरून सांगितलं की झेंडे उतरवा, दोन्हीकडचे.

बाबा पलीकडे पोचले होते. त्यांनी हातमोजे काढले, चादर ओढून घेतली, झटकली, मधोमध दुमडून तारेवर टाकली आणि चिमटे लावले. मग ते दोन्ही हात खाली सोडून चादरीसमोर उभे राहिले.

त्यांच्या मागे मेपलची पानं एकेक करून खाली आली. पोस्टावरचं कापड कुणीतरी ओढलं आणि अमेरिकेचा झेंडा मोकळा झाला. बाबांनी वर पाहिलं. शपथ मोडली होती, आणि आता सबब सांगायला मेपलचा झेंडाही नव्हता. मिनेसोटात, स्वतःच्या आईच्या अंगणात उभे असलेले ते एक सत्त्याहत्तर वर्षांचे गृहस्थ होते.

इकडे त्यांच्या ओसरीवरचे तारे आणि पट्टेही उतरले. आता पलीकडे अमेरिका होती आणि अलीकडे कॅनडा, बाबा घरातून निघाले त्या सकाळी होतं तसंच.

बाबांनी काठी उचलली आणि ते बर्फावर उतरले. देखणा नट गिटार घेऊन काठावर उभा होता. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सीमारक्षकाने या वेळी काही विचारलं नाही, टोपी मात्र काढली. कॅमेरा चालू होता. आर्लीन काठावर उभी होती, आणि तिला ती गोष्ट पुरती पाठ असूनही पुढे काय होणार ते ठाऊक नव्हतं.

नदीच्या मधोमध बाबा थांबले आणि त्यांनी मागे वळून बघितलं.

‘कट’ म्हणणं रेनाल्डचं काम होतं. तो म्हणाला नाही. टॅम्सिन तोंडावर हात धरून उभी होती. बाबांना हवा तितका वेळ त्यांनी घेतला. वारा चांगलाच सुटला होता, पण चादर दुहेरी घातली होती, ती जागची हलली नाही.